दीड गुंठा

सकाळी साडेसहाला मी धावपट्टी चालत जाते.
बाराशे मीटर, हातात खडू.
जिथं डांबर फुटून हरळी वर आली
तिथं गोल काढायचा, वहीत लिहायचं.
मागं दऱ्याप्पा, कुत्री हाकलत.
"म्याडम, वाऱ्याचा पायजमा फाटलाय."
विंडसॉकला तो पायजमाच म्हणतो, एका पायाचा.
गेल्या खेपेला सांगलीतल्या शिंप्यानं विचारलं, कंबर किती?
मी म्हणाले, तीन फूट. आणि पायाचं टोक उघडं ठेवा.

विमान आठवड्यातून एखादं.
बाकीचे दिवस कागद उतरतात.
बेदाण्याच्या शेडची उंची: ना हरकत.
मोबाइल टॉवर: हरकत.
यात्रा कमिटी पेढे घेऊन आली,
एक दिवस द्या, बैलगाड्या सरळ पळतील.
पेढे ठेवून घेतले. पट्टी दिली नाही.
गवताचा लिलाव, सात हजार दोनशे,
आमची एवढीच कमाई
जिच्यावर लेखापरीक्षकानं शेरा मारलेला नाही.

मग विस्ताराची फाइल आली, टप्पा दोन,
आणि मुजावर भाऊसाहेब, मोजणीचं मशीन घेऊन.
तीन दिवस उन्हात, डोक्याला ओला टॉवेल.
तिसऱ्या दिवशी चहाला शिवले नाहीत.
"पूर्वेचा दगड हललाय.
आजचा नाही, फार जुना."
नकाशावर बोट ठेवलं. एक पाचर,
कुंपणातून आत घुसून पट्टीवर आलेली.
गट नंबर चारशे बारा, दीड गुंठा.
संपादन नाही, मोबदला नाही, कुणाची सही नाही.
सातबाऱ्यावर अजून पद्मावती आण्णासाहेब सौंदत्ते.
पीक: पड.

पड म्हणजे डांबर.
पड म्हणजे चाकांचे ते काळे ओरखडे
जे मी रोज ओलांडते आणि मोजत नाही.

नियमानं पट्टी बंद करायला हवी होती.
नोटीस लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली,
मग स्कूटर काढली.

अंगणात हळद वाळत होती.
पद्माक्कांनी नकाशा उलटा धरला, मग सुलटा,
मग चष्माच काढून ठेवला.
आता भाव सांगतील, वकील सांगतील,
पुण्याला लेकाला फोन लावतील.
तिन्हीची उत्तरं मी वाटेत पाठ केली होती.
"म्हंजे माझ्यातच टेकतंय व्हय ते?"
"हो. बहुतेक वेळा."
त्या हसल्या. बोटं पिवळी, तोंडावर पदर.
मग हसू थांबलं.
"ह्यांचं खरं होतं म्हणायचं.
दगड हललाय, दगड हललाय करत गेले.
आम्ही सगळी म्हणायचो, ह्यांचं डोकं हललंय."

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं.

प्रस्ताव वर गेलाय.
वर म्हणजे किती वर, ते इथून दिसत नाही.
तोवर भाडेपट्टा, अकरा महिन्यांचा,
आणि एक जादा अट, त्यांनी सांगितली तशी टाइप केली:
विमान यायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप धाडावा.

शनिवारी कुंपणाबाहेर लोखंडी खुर्ची ठेवली.
पद्माक्का इरकलीत, मांडीवर पाण्याची बाटली,
जणू देण्याघेण्याच्या बैठकीला आल्यात.
शिकाऊ पोरगी होती, एकटीची पहिली खेप.
पंख डगमगले, नाक जरा जास्तच वर,
चाकं टेकली, उसळली,
एक लांबलचक क्षण कुठंच नव्हती,
मग पुन्हा टेकली, पुढं, आणि राहिली.

"पयलं माझ्यात," पद्माक्का म्हणाल्या,
"दुसरं तुमच्यात."

मी वहीत वेळ लिहिली. दहा सत्तेचाळीस.
वाऱ्याच्या रकान्याशी पेन थांबलं,
मान वर करून पाहिलं.
दऱ्याप्पा खांबावर चढला होता,
नवा पायजमा दातात धरून.